सोळा मुलं, सिमेंटची रिंक आणि सव्वा तास: लहान मुलांच्या हॉकीचा सराव कसा आखायचा?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका शाळेतल्या पीटीच्या मॅडमकडे नऊ ते बारा वयाची सोळा मुलंमुली आहेत. बहुतेक इनलाइन स्केटवर (चाकं एका ओळीत), दोघं अजून क्वाडवर (चाकं दोन-दोनच्या जोडीत). जागा म्हणजे कॉलनीतली सिमेंटची रिंक, साधारण चाळीस मीटर लांब आणि वीस रुंद. आठवड्यातून तीन सकाळी सराव, प्रत्येक वेळी सव्वा तास. मदतीला एक पालक. काही मुलांना हिवाळ्यात आइस हॉकीच्या शिबिराला पाठवायचं आहे. अडचण अशी की मुलं ड्रिलला कंटाळतात आणि मॅच लावली की सगळी एकाच जागी पकवर, म्हणजे बॉलऐवजी असते त्या चपट्या चकतीवर, तुटून पडतात. चांगल्या ड्रिल्सची आणि गेम्सची यादी हवी आहे.

मॅडम, यादी देतो, पण त्याआधी एक हिशेब करू.

बारा मुलं एका रांगेत उभी. एकेकानं पक घेऊन निघायचं, तीन मार्करना वळसा घालायचा, गोलवर शॉट मारायचा आणि रांगेच्या शेपटीला येऊन उभं राहायचं. एकाची पाळी दहा सेकंदांची, म्हणजे दोन मिनिटांतून एकदा नंबर लागणार. हे ड्रिल पंधरा मिनिटं चाललं तर प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ पाळ्या येतात. सव्वा मिनिट काम आणि बाकीचा वेळ उभं राहणं. त्या उभ्या राहण्यात आपले पोट्टे काय करतात ते तुम्ही पाहिलंच असेल: पुढच्याच्या हेल्मेटवर स्टिक वाजवणं, मागच्याशी ढकलाढकली, आणि 'सर, हा मले धक्का देऊन राहिला.' मुलं ड्रिलला कंटाळत नाहीत हो, रांगेला कंटाळतात.

म्हणून कुठलंही ड्रिल मी एकाच गोष्टीवर तोलतो: एका मुलाला मिनिटाला किती वेळा पक मिळतो. तुमच्या मदतीच्या पालकांना एक दिवस स्टॉपवॉच घेऊन कडेला बसवा. सगळ्यात हुशार नको, सगळ्यात कच्चा नको, मधला एक मुलगा निवडायला सांगा. तो हलत असेल तेव्हा घड्याळ चालू, उभा असेल तेव्हा बंद. सव्वा तासाच्या शेवटी आकडा पंचवीस मिनिटांच्या खाली आला तर यादी कितीही भारी असली तरी सराव पातळ आहे. तो आकडा अर्ध्या वेळेच्या वर न्यायचा, एवढंच खरं नियोजन.

अमेरिकेत यूएसए हॉकी या आइस हॉकीच्या संघटनेनं २००९ मध्ये लहान मुलांच्या सरावाचा आराखडा मुळापासून बदलला, त्याच्या मागे हाच विचार होता. आठ वर्षांपर्यंतच्यांना पूर्ण रिंक द्यायचीच नाही, ती आडवी कापून तुकड्यांत खेळवायची. पकही हलका द्यायचा: मोठ्यांचा पक १५६ ते १७० ग्रॅमचा, लहानांचा निळा पक साधारण ११३ ग्रॅमचा. बर्फाची पूर्ण रिंक साठ मीटर लांब आणि सव्वीस ते तीस मीटर रुंद असते. तुमची जागा साधारण त्याच्या निम्मी, आणि दहा वर्षांच्या पोरांना तीच मापात बसते. मोठ्या रिंकसाठी हळहळू नका.

वेळेचं माझं वाटप साधारण असं असतं. पहिली आठ मिनिटं पळापळीचा खेळ, स्टिक आणि पक घेऊनच. पुढची बारा मिनिटं निव्वळ पायांचं काम. मग पाणी. नंतर वीस मिनिटं तीन ठिकाणी तीन कामं, म्हणजे तीन स्टेशनं, गट फिरते. पुन्हा पाणी. मग पंचवीस मिनिटं छोटे सामने. उरलेल्या चार-पाच मिनिटांत पक गोळा करणं, चाकं पुसणं आणि दोन वाक्यं बोलणं. कुणाचे लेस सुटले, कुलूप उघडायला चौकीदार उशिरा आला, असं रोजच काहीतरी होतं. तेव्हा वेळ कापायचा तो पायांच्या कामातून किंवा स्टेशनमधून, सामन्यातून कधीच नाही. 'आज नीट ड्रिल नाही केलं, आता मॅच बंद' हे वाक्य आपल्या मैदानांवर फार ऐकू येतं. ज्यासाठी पोरगं पाच वाजता उठून आलं तेच काढून घेतलं, आणि शिकण्याचा सगळ्यात दाट भागही त्याच्यासोबत गेला.

सराव सुरू व्हायच्या आधी रिंक झाडून घ्या, आणि हे मुलांकडूनच करून घ्या. बारीक खडा चाकाखाली आला की चाक जागीच थांबतं आणि वरचं पोर पुढे जातं. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गाळाची भुकटी, उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाची पानं, डिसेंबरात पहाटेचं दव. दव असेल तर ऊन पडेपर्यंत बूट घालून खेळा. घसरून मनगट मोडून घेण्यापेक्षा ते बरं.

आता पळापळीचे खेळ. बाहेरची नावं शोधत बसू नका, आपल्या गल्लीतले खेळ स्टिकसकट चाकांवर आणा. विष-अमृत घ्या. प्रत्येकाकडे स्वतःचा पक, दोघांवर राज्य. त्यांच्याकडे पक नाही. ज्याला हात लागला त्यानं पाय फाकवून थिजायचं. त्याला सोडवायचं तर कुणीतरी आपला पक त्याच्या दोन पायांमधून आरपार घालवून पलीकडे जाऊन पुन्हा पकडायचा. यात मान वर ठेवणं, पक झाकणं, अचूक हलका पास, सगळं होतं आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नियम एकच कडक: स्टिकचं पातं गुडघ्याच्या वर गेलं की एक मिनिट बाहेर.

माझा आवडता खेळ मात्र खो-खो. स्केटवर बसता येत नाही, म्हणून आठ मुलं एका रेषेत, एकाआड एक उलट तोंडं करून, गुडघे वाकवून उभी. स्टिक जमिनीला टेकलेली. पाठलाग करणाऱ्याकडे पक, आणि खो द्यायचा तो हातानं नाही, पासनं. रेषेतल्या मुलाच्या स्टिकवर पक बसला की तो उठला, पहिला त्याच्या जागी. खो-खोचे मूळ नियम तसेच: पाठलाग करणाऱ्यानं दिशा बदलायची नाही, रेषा ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मुभा. पास वाकडा गेला की पळणारा सुटला. एवढी शिक्षा पुरते, शिट्टी लागत नाही. पहिले दोन दिवस गोंधळ होईल. तिसऱ्या दिवशी रेषेतली मुलं आपणहून स्टिक टेकवून तयार राहायला लागतात. 'स्टिक खाली ठेवा रे' असं ओरडून जे होत नाही ते असं होतं. साखळी मात्र खेळवू नका. चाकांवर हात धरलेली चार पोरं एकत्र पडली की मनगटं आणि दात दोन्ही धोक्यात.

पायांच्या कामाबद्दल नागपूरच्या पोरांची एक खास गोष्ट. आपल्याकडे स्केटिंग शिकतात ते स्पीड स्केटिंगच्या वर्गात. तिथे राउंड नेहमी घड्याळाच्या उलट. त्यामुळे डावीकडे वळताना उजवा पाय डाव्यावरून टाकायचं क्रॉसिंग यांना झोपेतही जमतं. उजवीकडे वळ म्हटलं की तीच चपळ पोरं दोन्ही पाय फाकवून, हात पसरून, सावकाश वळतात. हॉकीत हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं. तो तुमच्या मुलाला प्रत्येक वेळी त्याच्या उजव्या बाजूला ढकलत नेतो आणि तिथे पक हातचा जातो. म्हणून बारा मिनिटांतली आठ तरी घड्याळाच्या दिशेनं द्या. बर्फाच्या रिंकवर फेस-ऑफच्या, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतात त्या, वर्तुळाची त्रिज्या साडेचार मीटर असते. दोरी आणि खडू घेऊन तेवढीच चार वर्तुळं आखा, प्रत्येकात तीन-चार मुलं, एकमेकांच्या मागे, अंतर राखून. उजवीकडून क्रॉसिंग, शिट्टी झाली की थांबून पुन्हा सुरुवात. मग तेच पक घेऊन. मग तेच उलटं, पाठीमागे जात. थांबायला टी-ब्रेक लावतात, म्हणजे एक पाय मागे आडवा घासतात, तो एकाच पायानं, बहुतेक उजव्या. दुसऱ्या पायानंही सक्तीनं करून घ्या.

पायांचं काम हे रांग नसलेलं पण शुद्ध ड्रिलच आहे, आणि ते खेळातून आपोआप येत नाही असं माझं मत आहे. 'सगळं गेममधूनच शिकवा' म्हणणारे कोच हल्ली बरेच भेटतात. पासिंग, जागा शोधणं, निर्णय हे गेममधून येतं. उजवा क्रॉस येत नाही, कारण गेममध्ये मूल आपली कच्ची बाजू शिताफीनं टाळतं.

स्टेशनची वीस मिनिटं म्हणजे सहा-सहा मिनिटांची तीन कामं आणि मध्ये जागा बदलायला अर्धा-पाऊण मिनिट. पाच-पाच मुलांचे गट, एकात सहा. एका ठिकाणी पासिंग. कॉलनीच्या रिंकला बोर्ड, म्हणजे कडेची भिंत, नसतो, म्हणून फूटभर रुंदीची फळी विटांच्या आधारानं आडवी उभी करा. फळीवर पास मारायचा, परतणारा पक घ्यायचा, एकदा पात्याच्या पुढच्या बाजूनं, एकदा मागच्या. आपल्याकडची जी मुलं मैदानी हॉकीतून आली आहेत त्यांना पात्याची एकच बाजू वापरायची सवय असते, कारण तिथे दुसरी बाजू चालतच नाही. इथे दोन्ही बाजू आपल्याच. दुसऱ्या ठिकाणी पाच मीटरच्या चौकोनात एकास एक: पक वीस सेकंद आपल्याकडे टिकवायचा, बाकीचे तिघं-चौघं बाहेरून मोजतात आणि लगेच बदलतात. तिसऱ्या ठिकाणी गोलकीपर आणि शॉट. तुम्ही स्वतः नवीन शिकवण्याच्या स्टेशनवर उभ्या राहा, पालकांना फळीपाशी ठेवा. आणि प्रत्येक स्टेशनला सूचना एकाच वाक्याची. ते वाक्य आदल्या रात्री लिहून ठेवा. रिंकवर सुचत नाही, मग माणूस भाषण देतो.

जाता जाता स्टिकचं. स्केट घातल्यावर स्टिकचं टोक हनुवटीपाशी यावं. दुकानात ज्या मापाची मिळते ती तशीच खेळवली जाते आणि पोरगं कमरेत न वाकता उभं राहून खेळतं. करवतीनं कापायला लाजू नका. डावी का उजवी हे मुलाला ठरवू द्या. हातात रिकामा झाडू दिला की पाच मिनिटांत कळतं.

आता सामने, म्हणजे मुख्य जेवण. रिंक मधोमध खडूच्या रेषेनं दोन करा, वीस बाय वीसचे दोन चौकोन. दोन गोलकीपर वगळता चौदा मुलं उरतात, प्रत्येक चौकोनात सात. तीन विरुद्ध तीन, आणि सातवा जोकर. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाची जाळीदार बंडी. ज्याच्याकडे पक त्याच्या बाजूनं जोकर खेळतो. म्हणजे पक असलेल्या संघाला कायम एक माणूस जास्त, आणि पास द्यायला कुणीतरी मोकळा असतोच. सात हा आकडा अडचणीचा वाटतो, पण मला तो सहापेक्षा आवडतो.

चौकोनात गोल एकच, त्यात एक गोलकीपर, आणि दोन्ही संघ तिथेच हल्ला करतात. मात्र पक हिसकावला की आधी तो मागच्या खडूच्या रेषेपलीकडे न्यायचा, मग वळून हल्ला. बास्केटबॉल अर्ध्या कोर्टवर खेळतात तसंच. यातून बचावातून हल्ल्यात येणं कळतं, आणि ते मुलांना फळ्यावर काढून दाखवलं तर डोक्यावरून जातं. पक बाहेर गेला तर आणायला कुणी जायचं नाही. तुमच्यापाशी बादलीभर पक किंवा बॉल, दुसरा लगेच आत. हा बारीकसा नियम वेळ फार वाचवतो.

प्रत्येक पाळी चाळीस सेकंदांची. मोठ्या आइस हॉकीतही खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर असतो आणि बदलतो. त्याहून जास्त वेळ पूर्ण वेगानं खेळताच येत नाही. तुमची मुलं अकराच आली तर एकच चौकोन लागेल आणि बदली होईल, सोळा आली तर सगळी आत. शिट्टी झाली की पक जिथे असेल तिथे सोडून दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सहाच मुलं आली तर दोनास दोन खेळवा, आणि उरलेली दोघं गोलमध्ये.

गर्दीचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी मुलं पकला लागतात, आणि कडेचे आईबाप ओरडत असतात, 'पसरा रे, पसरा!' नऊ वर्षांच्या मुलाला 'पसर' म्हणजे नेमकं कुठे जायचं ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की पक तिकडे आहे आणि मला तो हवा आहे. त्यात त्याचं काही चुकत नाही. जागा सांगून, 'तू लेफ्ट विंग, तू डिफेन्स' करून खडूचे ठिपके आखून उभं केलं तर गर्दी मोडते खरी, पण मग मुलं ठिपक्यावर उभी राहतात, खेळत नाहीत. गर्दी मोडायची ती मैदानाची मांडणी बदलून.

त्यासाठीचा सगळ्यात कामाचा खेळ मी 'पाठीला पाठ' म्हणतो. दोन्ही गोल चौकोनाच्या मध्यावर, एकमेकांना पाठ लावून, मध्ये दोन मीटर जागा ठेवून उभे करा. गोलकीपर एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. तीनास तीन. आता गोलच्या समोर घोळका केला की पक असलेलं पोर सरळ मागे फिरून दुसऱ्या बाजूनं निघतं, आणि घोळका चुकीच्या दिशेला अडकतो. दोन-तीन वेळा असं झालं की घोळक्यातलं एखादं चतुर पोर आपणहून मागे थांबतं, पलीकडून येणाऱ्याची वाट पाहत. तिथेच थांबा, शिट्टी मारा, आणि त्याला विचारा, 'तू इथे काहून थांबला?' त्यानं दिलेलं उत्तर तुमच्या दहा सूचनांपेक्षा बाकीच्यांच्या जास्त लक्षात राहतं. एका सरावात असं एकदाच थांबवा. सारखं थांबवलं की खेळ मोडतो. या खेळात उजवीकडून वळायचा सरावही फुकटात होतो.

दुसरा, गोलमागचा जोकर. जोकर फक्त गोलच्या मागच्या पट्टीत फिरतो, तिथे त्याला कुणी अडवायचं नाही. त्याच्याकडून आलेल्या पासवर केलेल्या गोलचे दोन गुण. आइस हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झकी गोलच्या मागे उभा राहून खेळ चालवायचा, इतका की त्या जागेला लोक त्याचं ऑफिसच म्हणू लागले. ही गोष्ट मुलांना सांगा, त्यांना ऑफिस शब्दाची मजा वाटते. तिसरा, चार कोपऱ्यांत चार छोटे गोल, दोन मार्करचे, कीपर नाहीत. प्रत्येक संघाचे समोरासमोरचे दोन. एक गोल बंद दिसला की मान वर करून दुसरा शोधावाच लागतो. नंबर पुकारून एकास एक, दोनास दोन पळवणं हे तुम्हाला माहीत असेलच. सुरुवातीला अंग गरम करायला ठीक आहे, जास्त वाढवू नका.

'तीन पास झाल्याशिवाय गोल नाही' हा नियम आपल्याकडे प्रत्येक खेळात लावतात. मला तो पटत नाही. मुलं मग शेजारच्याला दोन हातांवरून दोन नावापुरते पास देतात आणि गोल मोकळा दिसत असताना थांबतात. पास कधी द्यायचा हे शिकवायचं तर पास देणं फायद्याचं ठरेल अशी मांडणी हवी. जोकर त्यासाठीच आहे. पोरं पुढे-मागे असतील, काही पक्की काही कच्ची, तर पक्क्यांवर अट घाला: गोल फक्त पात्याच्या मागच्या बाजूनं. त्यांनाही काम मिळतं आणि कच्च्यांना जागा.

अंगावर जाणं या वयात नको. अमेरिकेतही बारा वर्षांपर्यंतच्या वयोगटात शरीरानं धडक द्यायला २०११ पासून मनाई आहे, आणि इनलाइन हॉकीत ती मुळातच चालत नाही. शिकवायचं ते कोन साधून येणं: समोरच्याला कडेकडे दाबत न्यायचं, आपली स्टिक त्याच्या स्टिकवर, खांदा त्याच्या खांद्याच्या थोडा पुढे. मुली आणि मुलं एकत्रच खेळू द्या. भारताच्या महिला संघानं २०२५ मध्ये आशिया कपात कांस्यपदक मिळवलं, तो संघ जवळपास सगळा लडाखच्या मुलींचा होता. हे मुलींपेक्षा त्यांच्या वडिलांना सांगा.

गोलकीपरला सगळे विसरतात. पायांच्या कामाच्या बारा मिनिटांत तुमचे दोघं कीपर वेगळे घ्या: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सरकणं, खाली बसून उठणं, टेनिस बॉल भिंतीवर मारून डाव्या हातानं झेलणं. बाराच मिनिटं, पण रोज. आणि अकरा वर्षांपर्यंत कीपर कायमचा ठरवू नका. दर पंधरा दिवसांनी कुणाला पॅड बांधायचेत ते विचारा. नेहमी सगळ्यात सावकाश स्केट करणाऱ्यालाच तिथे उभं करतात, आणि नेमकं त्या जागेला सगळ्यात चांगले पाय लागतात.

रविवारची मॅच चार छोट्या संघांत लावा, चार-चार मुलं, बारा-बारा मिनिटांच्या मॅचेस, प्रत्येक संघ प्रत्येकाशी. संघ दर रविवारी चिठ्ठ्या टाकून नवे. खेळण्याचा वेळ सगळ्यांना सारखा. गोल मोजायचे ते मुलांनी. पालकांना मॅच संपल्यावर समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाऊ घाला, मॅच चालू असताना नाही, आणि कडेवरून फक्त टाळ्या वाजवायच्या असं आधीच ठरवून घ्या. मॅचमध्ये जे बिघडलं त्यातलं एकच उचलून सोमवारच्या स्टेशनवर ठेवा. पास अडत नसतील तर पास अडवणं. दहा गोष्टी दिसतील, नऊ सोडून द्या.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तेव्हा साडेपाचला स्केट बांधून तयार, पावणेसातला सगळं आवरून घरी. पाण्यात मीठ-साखर, आणि सामन्यातल्या पाळ्या चाळीसऐवजी तीस सेकंदांच्या. पावसाळा वाया जातो असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. ओल्या सिमेंटवर चाकं नकोतच. पण शाळेच्या व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये बूट घालून, हलक्या बॉलनं तेच तीनास तीन, तोच जोकर, तोच पाठीला पाठ खेळता येतो. पाय सांभाळायची काळजी नसल्यानं मुलांचं डोकं पासवर असतं. सप्टेंबरनंतर पुन्हा चाकांवर आली की फरक दिसतो.

राहिली बर्फावर जाणारी मुलं. चाकांवरून बर्फावर बरंच काही सोबत जातं: मान वर ठेवणं, पास, जागा शोधणं, क्रॉसिंग, कोन साधणं. थांबणं मात्र जात नाही. बर्फावर दोन्ही पाती आडवी घसटून थांबतात, सिमेंटवर चाक तसं घसरत नाही. म्हणून तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस पक हातात न घेता फक्त थांबणं, दोन्ही बाजूंनी, असं तिथल्या कोचना आधी सांगून ठेवा. ऑफसाइडही नवं असेल, कारण इनलाइनमध्ये निळ्या रेषा नसतात. निघण्याआधीचा महिनाभर रिंकवर एक निळी रेषा आखा आणि दोनास एक खेळताना पक आधी, पाय नंतर, हा नियम लावा. पूर्ण वजनाच्या पकची मनगटाला सवय नसते. सनमायका लावलेला प्लायचा तुकडा गच्चीत टाका, बूट घालून त्यावरून जाड गादीवर पक मारायला लावा, दिवसाला पन्नास. घरच्या टाइल्सवर मारू नका, एखादी फुटली की हॉकी बंद.

देहरादूनची हिमाद्री रिंक बंदिस्त आहे आणि पूर्ण मापाची. ती २०११ मध्ये उभी राहिली, मधली बरीच वर्षं बंद होती. लेहला नैसर्गिक बर्फ साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, आणि गाव साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथे पोहोचल्यावर किमान दोन दिवस मुलांना नुसतं आराम करू द्या, जिना चढतानाही सावकाश. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला 'काही नाही होत' म्हणून बर्फावर पाठवू नका. भाड्याचे स्केट मिळाले तर पात्याची धार नखावरून फिरवून पाहा: दोन्ही कडांनी नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे. एकाच कडेनं निघत असेल तर ते परत करा आणि दुसरे मागा.